नोटेवरील सही

कोल्हापूरच्या गुजरीतील किंवा लक्ष्मीपुरीतील एखाद्या जुन्या पेढीची तिजोरी दसऱ्याच्या आधी साफ करताना कधीकधी तळाशी एक पातळ पाकीट सापडते. त्यात दोन-चार राणी छाप रुपये, एखादा भोकाचा पैसा आणि सहाव्या जॉर्ज बादशहाचे चित्र असलेली पाच किंवा दहा रुपयांची पिवळी पडलेली नोट असते. घरातील मुले बादशहाचा मुकुट न्याहाळतात, मोठी माणसे नोटेची आजची किंमत काय येईल याचा अंदाज बांधतात. खाली डोळ्यांत न भरणारी एक सही असते, ‘जे. बी. टेलर’. ती कोणाची, असे क्वचितच कोणी विचारते.

सही करणारे सर जेम्स ब्रेड टेलर हे भारतीय रिझर्व्ह बँकेचे दुसरे गव्हर्नर. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १७ फेब्रुवारी १९४३ रोजी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांनी वयाची बावन्न वर्षेही पूर्ण केली नव्हती. युद्धात कामी आलेल्यांच्या याद्यांत अशा माणसाचे नाव सहसा येत नाही, कारण त्याने गणवेश चढविला नव्हता. परंतु त्या साडेतीन वर्षांत हिंदुस्थानातील प्रत्येक व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर जे युद्ध चालू होते, ते या गृहस्थाच्या टेबलावरून लढले जात होते.

टेलर यांचा जन्म १८९१ चा. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधून ते इकडे आले. त्या सेवेतील बहुतेकांची उमेद जिल्हाधिकारी, आयुक्त, सचिव अशा पायऱ्यांनी चढत जाण्याची असे. टेलर मात्र चलन खात्यात गेले आणि तेथेच रमले. दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी या खात्यात उपनियंत्रक म्हणून काढला. पुढे ते चलन नियंत्रक झाले आणि त्या नात्याने पाचव्या जॉर्जच्या काळातील सरकारी नोटांवर त्यांची सही आली. म्हणजे सरकारच्या नोटांवर आणि पुढे रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर, अशा दोन्हींवर सही करण्याचा योग त्यांच्या वाट्याला आला. त्यानंतर वित्त खात्यात अतिरिक्त सचिव असताना रिझर्व्ह बँकेच्या विधेयकाची जुळवाजुळव करण्यात आणि ते कायदेमंडळातून पार नेण्यात त्यांचा निकटचा सहभाग होता. १९३५ मध्ये बँक सुरू झाली तेव्हा ते डेप्युटी गव्हर्नर झाले.

पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ हे इम्पीरियल बँकेतून आलेले, पेशाने बँकर होते. व्याजदर आणि रुपयाचा विनिमय दर यांवरून त्यांचे आणि दिल्लीच्या वित्त खात्याचे बिनसले व मुदतीआधीच त्यांना पायउतार व्हावे लागले. १ जुलै १९३७ रोजी टेलर त्यांच्या जागी आले. स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. बँकेच्या स्वतःच्या नोटा १९३८ च्या जानेवारीत प्रथम बाहेर पडल्या, आधी पाच रुपयांची, मग दहा, शंभर, हजार आणि दहा हजारांची, आणि त्या सर्वांवर टेलर यांची सही होती. १९३७ मध्येच बँकेचे मध्यवर्ती कार्यालय कलकत्त्याहून कायमचे मुंबईत आले.

हिंदी व्यापाऱ्यांना हा माणूस आपला वाटण्याचे काही कारण नव्हते. रुपया एक शिलिंग सहा पेन्स की एक शिलिंग चार पेन्स, हा वाद तेव्हा बाजारात आणि सभांतून वर्षानुवर्षे गाजत होता. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्यासारखे कापसाचे मोठे व्यापारी चढ्या दराच्या विरुद्ध होते, कारण त्या दराने शेतमालाची निर्यात पडत्या भावाने जाई. टेलर हे सरकारी धोरण राबविणारे अधिकारी होते. स्मिथ गेले आणि सरकारचा माणूस आला, अशीच त्या वेळची भावना होती आणि ती अगदीच निराधार नव्हती.

पहिली कसोटी युद्धाची नव्हती. १९३८ च्या जूनमध्ये दक्षिणेतील त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँकेने आपले दरवाजे बंद केले आणि असंख्य ठेवीदार हवालदिल झाले. रिझर्व्ह बँकेने वेळेत मदतीचा हात दिला नाही, असा ठपका त्या काळी ठेवला गेला. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या कोणालाही या प्रकरणाचा दुसरा भाग चटकन दिसेल. कायद्याने ठरवून दिलेल्या तारणावरच रिझर्व्ह बँकेला कर्ज देता येत होते आणि इतर बँकांची दप्तरे तपासण्याचा अधिकार तिला नव्हता. रुग्णाची नाडी पाहण्याची मुभा नसलेल्या वैद्याला औषधाबद्दल जाब विचारण्यासारखे ते होते. तरी ठेवीदाराला या युक्तिवादाचा काय उपयोग? त्याचे पैसे गेले ते गेलेच.

टेलर यांनी त्यातून घेतलेला धडा कागदावर उतरला. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन दोन महिने झाले असताना, त्यांनी बँकांसाठी स्वतंत्र कायद्याचा प्रस्ताव सरकारला सादर केला. बँक कोणाला म्हणावे, तिचे किमान भांडवल किती असावे, ठेवींच्या मानाने रोकड आणि सहज विकता येतील असे रोखे किती ठेवावेत, बँक बुडालीच तर तिचा निकाल लवकर कसा लागावा, हे त्यात होते. चेकने काढता येणाऱ्या ठेवी जी स्वीकारते ती बँक, अशी साधी व्याख्या त्यांनी सुचविली होती. सावकारी, दलाली, विमा, व्यापार असे सारे करून पाटीवर ‘बँक’ लिहिणाऱ्या संस्थांचे त्या काळी पेव फुटले होते. युद्धाच्या धामधुमीत हा मसुदा बाजूला पडला.

युद्ध जाहीर झाल्याबरोबर, १९३९ च्या सप्टेंबरमध्ये, परकीय चलनावर नियंत्रण आले आणि त्याचा कारभार रिझर्व्ह बँकेकडे आला. परदेशी माल मागविणाऱ्याला परवाना आणि परदेशी पैसे पाठविणाऱ्याला अर्ज करणे भाग पडले. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ती कटकट होती, पण तिने कोणाची झोप उडाली नाही. झोप उडाली ती १९४० च्या मे-जूनमध्ये. जर्मन फौजा पश्चिमेकडे सुटल्या, फ्रान्स कोसळला आणि इंग्लंडही आता टिकत नाही, अशी कुजबूज बाजारपेठांतून पसरली. लोकांनी टपाल खात्याच्या बचत बँकेतून पैसे काढले आणि नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला सुरुवात केली.

ही मागणी समजून घेण्यासाठी तो रुपया समजला पाहिजे. जुना कलदार रुपया वजनाने बरोबर एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. घरोघरी तराजूत तो तोळ्याचे वजन म्हणूनही वापरला जाई. संस्थानी कोल्हापुरातही हाच रुपया चालत होता. १९४० च्या बाजारभावाने त्यातील चांदी एक रुपयापेक्षा पुष्कळ स्वस्त होती, तेव्हा नाणे वितळवून फायदा व्हावा म्हणून कोणी ते मागत नव्हते. सरकार गेले तर नोट हा कागद उरेल आणि रुपया निदान चांदी उरेल, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. हुपरीसारख्या चांदीच्या गावाला, गुजरीतील सराफाला किंवा शाहूपुरीतील गुळाच्या अडत्याला तो कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. नोट म्हणजे विश्वास, आणि तो विश्वास उडाला की खिडकीपाशी रांग लागते.

चलन खात्याला असा प्रसंग नवा नव्हता. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, सरकारजवळची चांदी संपत आली होती आणि अमेरिकेकडून वीस कोटी औंस चांदी विकत आणून नोटांची लाज राखावी लागली होती. १९१७ मध्ये प्रथम निघालेली एक रुपयाची नोट ही त्याच ओढाताणीचे अपत्य होती. १९२६ मध्ये ती बंद झाली होती. मागचा अनुभव असणारा आणि नाण्यांचा सारा व्यवहार तळहाताच्या रेषांसारखा ओळखणारा माणूस या वेळी बँकेच्या प्रमुखपदी होता, हे देशाचे सुदैवच म्हणावे लागेल.

जूनच्या अखेरीस भारत संरक्षण नियमांखाली, स्वतःच्या किंवा धंद्याच्या गरजेपेक्षा जास्त नाणी जमविणे हा गुन्हा ठरला. हे नुसतेच दटावणे झाले असते तर साठेबाजी वाढली असती. लगेच ऑगस्टमध्ये एक रुपयाची नोट पुन्हा चलनात आली. तिला कायद्याने नाण्याचाच दर्जा होता, म्हणून तिच्यावर गव्हर्नरची सही नसून सरकारच्या वित्त सचिवाची आहे. वाचकांनी जुन्या नोटा जपल्या असतील तर हा फरक पडताळून पाहावा, आजच्या एक रुपयाच्या नोटेवरही तीच रीत चालू आहे. १९४० च्या डिसेंबरात रुपयाच्या नाण्यातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली आणि उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त आले. नकली नाणी पाडणाऱ्यांना आळा बसावा म्हणून नव्या नाण्याच्या कडेला खास खाच घालण्यात आली. मग जुनी नाणी एकेक करून परत बोलावली गेली. राणी व्हिक्टोरियाचा रुपया ३१ मार्च १९४१ नंतर आणि सातव्या एडवर्डचा ३१ मे १९४२ नंतर कायदेशीर चलन राहिला नाही.

ज्या देशात शंभर वर्षे चांदीचा रुपया हाच पैसा होता, तेथे लोकांच्या हातून चांदी काढून घेऊन कागद ठेवणे, आणि तेही युद्ध हरत असताना, हे काम तोफांच्या आवाजाइतके ऐकू येत नाही, इतकेच. खिडक्या बंद झाल्या नाहीत. नोट घेऊन आलेल्याला ‘उद्या या’ असे सांगण्याची पाळी आली नाही. रांगा हळूहळू ओसरल्या.

१९४२ साल त्याहून कठीण होते. ब्रह्मदेश १९३७ मध्ये हिंदुस्थानापासून वेगळा झाला असला तरी त्याचे चलन आणि त्याची बँकिंग व्यवस्था रिझर्व्ह बँकेकडेच होती. तेथील नोटांवरही टेलर यांचीच सही होती. मार्चमध्ये रंगून पडले. बँकेचे तेथील कामकाज आवरले गेले आणि लाखो हिंदी माणसे, त्यांत अनेक व्यापारी कुटुंबे, आसामच्या डोंगरांतून पायी परतली. मागे दुकाने, गोदामे, येणी सारे राहिले. त्यानंतर सुट्या पैशांची विलक्षण टंचाई झाली. आणे, पैसे बाजारातून नाहीसे झाले. दुकानदार सुट्याच्या ऐवजी टपाल तिकिटे पुढे करू लागले. १९४३ मध्ये निघालेला भोकाचा पैसा हा त्या टंचाईचा अवशेष आहे. मधले भोक ही शोभा नव्हती, तांबे वाचविण्याची ती युक्ती होती.

आता टेलर यांच्या कारकिर्दीचा जो भाग जमाखर्चाच्या नावे बाजूला मांडावा लागतो, त्याकडे वळले पाहिजे. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात युद्धखर्चाच्या वाटणीचा करार झाला. हिंदुस्थानच्या स्वतःच्या संरक्षणापलीकडचा खर्च ब्रिटनने सोसायचा होता. व्यवहार असा होई : धान्य, कापड, कातडी, तंबू, दारूगोळा यांची खरेदी येथे रुपयांत होई. ब्रिटन त्याबद्दल लंडनमध्ये पौंड जमा करी. ते पौंड रिझर्व्ह बँकेच्या मालमत्तेत धरले जात आणि त्यांच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. कायद्याप्रमाणे नोटांमागे किमान चाळीस टक्के सोने किंवा पौंडांचे रोखे असावे लागत. ही अट तंतोतंत पाळली जात होती, किंबहुना पौंड तर गरजेपेक्षा जास्त होते. परंतु लंडनच्या खात्यातील पौंडाने बेळगावच्या बाजारात तांदूळ येत नाही. माल युद्धावर गेला होता आणि नोटा मागे राहिल्या होत्या.

युद्धाच्या आरंभी सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. टेलर गेले त्या सुमारास हा आकडा सहाशे कोटींच्या वर गेला होता. महागाई कशाने झाली हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि त्यात लाखो माणसे मेली. त्याची कारणे अनेक होती, पण फुगलेले चलन हे त्यांतील एक होते. गव्हर्नरने हे थांबवायला हवे होते का? थांबवता आले असते का? पारतंत्र्यातील मध्यवर्ती बँक युद्धखर्चाला नकार देऊ शकत नव्हती. स्मिथ यांचे काय झाले ते टेलर यांनी जवळून पाहिले होते. तरीही ज्या सहीने विश्वास राखला तीच सही या नोटांवर होती, आणि हिशेब लिहिणाऱ्याने दोन्ही रकाने भरले पाहिजेत.

दुसऱ्या रकान्यात एक मोठी जमाही आहे. साठणाऱ्या पौंडांतून हिंदुस्थानचे लंडनमधील जुने कर्ज फेडून टाकण्याचे काम याच वर्षांत झाले. रेल्वे आणि इतर कारणांसाठी पिढ्यान् पिढ्या वाढत गेलेले ते ऋण होते. इंग्लंडचा ऋणको असलेला देश युद्धाच्या अखेरीस त्याचा धनको झाला, आणि येणे शंभर कोटी पौंडांहून अधिक होते. ज्यांच्या घरात चोपड्या लिहिल्या जातात त्यांना या उलटापालटीचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. हे येणे वसूल होणार का, हा प्रश्न मात्र टेलर यांना पाहता आला नाही.

त्याच १९४३ साली जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी दोन बँक अधिकाऱ्यांचा अंत झाला. त्यांची हकीकत येथे सांगितली पाहिजे, कारण तीही एका सहीची हकीकत आहे. १९४१ च्या नाताळात हाँगकाँग जपान्यांच्या हाती पडले. इतर इंग्रजांना स्टॅन्लीच्या छावणीत डांबण्यात आले. हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या अधिकाऱ्यांना मात्र बँकेचा व्यवहार मिटविण्यासाठी बाहेर ठेवून कामाला जुंपले गेले आणि तिजोरीतील कोऱ्या नोटांवर त्यांच्याकडून बळजबरीने सह्या करून घेण्यात आल्या. बँकेचे प्रमुख सर व्हँडेलर ग्रेबर्न दिवसा हे काम करीत आणि गुप्तपणे छावणीतील उपाशी, आजारी लोकांसाठी पैसे पोचवीत. १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि ऑगस्टमध्ये तुरुंगात, कुपोषणाने खंगून, वारले. त्यांचे सहकारी चार्ल्स हाइड यांना २९ ऑक्टोबर रोजी स्टॅन्लीच्या समुद्रकिनाऱ्यावर ठार करण्यात आले. त्या दिवशी मारल्या गेलेल्यांत सातव्या राजपूत पलटणीचे कॅप्टन मतीन अहमद अन्सारी हे हिंदी अधिकारीही होते. बळजबरीने सह्या घेतलेल्या त्या नोटांचे पुढे काय झाले? युद्धानंतर, १९४६ मध्ये, बँकेने त्या मान्य केल्या. ज्यांनी त्या विश्वासाने घेतल्या होत्या त्यांना त्यांचे पैसे मिळाले.

टेलर यांचे मरण असे नव्हते. त्यांच्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती. गव्हर्नरपदाची पहिली मुदत पुरी होऊन दुसरी सुरू झाली होती आणि ती अर्ध्यावर सुटली. त्यांच्यामागून बँकेची सूत्रे डेप्युटी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या हाती आली. कुलाबा जिल्ह्यातील नाते गावचा जन्म, मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत पहिला क्रमांक, आणि फुरसतीत कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणणारे हे गृहस्थ १९३९ मध्ये बँकेत आले होते. युद्धाची ही सारी वर्षे त्यांनी टेलर यांच्या हाताखाली काढली. हिंदी माणसाच्या हाती बँक सोपवावी की नाही, याचा निर्णय व्हायला जवळजवळ सहा महिने गेले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते गव्हर्नर झाले, पहिले हिंदी आणि मराठी गव्हर्नर. पुढच्या वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानच्या साठलेल्या पौंडांचा प्रश्न हिंदी प्रतिनिधींनी मांडला, तेव्हा देशमुख तेथे होते.

टेलर यांच्या सहीच्या हजार आणि दहा हजारांच्या नोटा १९४६ च्या जानेवारीत एका वटहुकुमाने रद्द झाल्या, हे अनेक पेढ्यांना दीर्घ काळ आठवत होते. बँकांच्या कायद्याचा त्यांचा मसुदा दहा वर्षे फिरत राहिला आणि पुष्कळ बदल होऊन १९४९ च्या मार्चमध्ये स्वतंत्र भारताचा बँकिंग कायदा अमलात आला. दप्तर तपासण्याचा जो अधिकार १९३८ मध्ये नव्हता, तो त्यात होता.

आणि १९४३ मध्येच दोन रुपयांची नवी नोट आली. सुट्यांच्या टंचाईवर तोडगा म्हणून ती काढली होती. तिच्या पहिल्या छपाईवर जे. बी. टेलर यांची सही आहे, नंतरच्या छपाईवर सी. डी. देशमुख यांची. गुजरीतील एखाद्या दुकानात जुन्या नाण्यांच्या डब्यात ती हाताला लागली, तर उजेडात धरून खालची अक्षरे वाचावीत.